यंत्र म्हणून पाहा, निम्मे प्रश्न सुटतील

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत महाकाय रोबोंच्या जपानी मालिकांवर लेख आला आणि पुढच्या अंकात त्यावर वाचकांचे प्रश्न छापून आले. प्रश्न नेमके होते, उत्तरे मात्र गुळमुळीत. ‘कुठूनही सुरुवात केली तरी चालते’ असे सांगणे म्हणजे विचारणाऱ्याच्या तोंडाला पाने पुसणे झाले. ठाणे आणि नवी मुंबईत ही मालिका बारकाईने पाहणारी आणि तिची प्लास्टिकची मॉडेल्स जोडणारी आम्ही काही मंडळी आहोत. त्या प्रश्नांना थेट उत्तरे द्यावीत म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर मालिकेच्या भागाला लावा, मॉडेलच्या भागाला नको. पावसाळा तोंडावर आहे, आणि मॉडेल्सचे नुकसान त्यातच जास्त होते.

बहुतेक प्रश्न ‘मोबाइल सूट गंडम’बद्दलचे आहेत. ही अ‍ॅनिमेशन मालिका जपानमध्ये ७ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाली. दिग्दर्शन योशियुकी तोमिनो यांचे, पात्रांची रेखाटने योशिकाझु यासुहिको यांची आणि यंत्रांची कुनिओ ओकावारा यांची. त्याआधीच्या मालिकांत, उदाहरणार्थ १९७२ साली आलेल्या ‘माझिंगर झी’त, रोबो हाच नायक असे आणि तो पडला की सगळे संपले. गंडममध्ये रोबो हे लष्कराचे साहित्य आहे. तो कारखान्यात तयार होतो, त्याला दारूगोळा आणि सुटे भाग लागतात, तो बिघडतो, आणि शत्रूकडेही तसेच शेकड्याने असतात. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे बरेच आपोआप उलगडते.

कळव्याच्या वाचकांनी विचारले आहे, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायचा तो ‘जायंट रोबोट’ हाच का? नाही. ती १९६७-६८ सालची २६ भागांची जपानी मालिका. त्यात रेखाटने नव्हती. रोबोचा पोशाख चढवलेला माणूस खेळण्याएवढ्या इमारतींमधून चालायचा. त्यातला मुलगा मनगटी घड्याळात बोलून रोबोला हुकूम सोडायचा. गंडममधला पंधरा वर्षांचा अमुरो रे ‘गंडम’ नावाच्या यंत्राच्या पोटात बसून ते चालवतो आणि यंत्राला बसलेला धक्का त्यालाही बसतो.

खारघरच्या विद्यार्थिनीने विचारले आहे की इतक्या मालिकांतून सुरुवात कुठून करायची. सरळ १९७९ च्या मूळ मालिकेपासून. ती ५२ भागांची ठरली होती. प्रेक्षक कमी मिळाले, प्रायोजक कंपनीची खेळणी खपेनात, म्हणून ४३ भागांत आवरती घेतली. शेवटचा भाग २६ जानेवारी १९८० रोजी लागला. शेवटचे भाग घाईत उरकल्यासारखे वाटतात ते याच कारणाने. पुढे पुनःप्रक्षेपणात प्रेक्षक वाढले, जुलै १९८० मध्ये बंदाई कंपनीने प्लास्टिकची मॉडेल्स आणली, आणि १९८१-८२ मध्ये त्याच मालिकेची काटछाट करून, काही दृश्ये नव्याने रेखाटून तीन चित्रपट आले.

४३ भागांना साधारण १७ तास लागतात, तीन चित्रपटांना ७. वेळच नसेल तर चित्रपट पाहा, पण आमचे मत मालिकेच्या बाजूने आहे. अमुरो ज्या लढाऊ अवकाशजहाजावर असतो ते चालवायला काय काय लागते, हे मालिकेत सावकाशीने येते. सोळाव्या भागात व्हाइट बेस या जहाजावरचे मीठ संपत आले आहे, असे स्वयंपाकी येऊन सांगतो आणि लढाई बाजूला ठेवून खाऱ्या पाण्याचे सरोवर शोधायची वेळ येते. खाडीकाठच्या मिठागरांशेजारी राहणाऱ्या आपल्या वाचकांना तरी हा भाग चुकवू नये असे वाटेल! चित्रपटांत जागा कमी, तेव्हा कात्री अशाच गोष्टींना लागली.

पंधरावा भाग सापडत नाही, ही तक्रारही बरोबर आहे. अमेरिकेसाठी काढलेल्या इंग्रजी आवृत्तीत तो तोमिनो यांच्याच इच्छेवरून वगळला होता. २०२२ मध्ये यासुहिको यांनी त्याच कथानकावर ‘कुकुरुझ डोआन्स आयलंड’ हा स्वतंत्र चित्रपट केला, तो पाहिला की उणीव भरून निघते.

मूळ मालिकेनंतर ‘झीटा गंडम’ (१९८५, ५० भाग). झीटाचेही तीन चित्रपट २००५-०६ मध्ये आले, पण त्यांत शेवट बदलला आहे, म्हणून इथे मालिकाच पाहा. मग ‘डबल झीटा’ (४७ भाग). त्याचा सुरुवातीचा भाग बराच विनोदी आहे. कंटाळा आला तर सोडून दिला तरी पुढे अडत नाही. त्यानंतर १९८८ चा ‘शार्स काउंटरअटॅक’ हा चित्रपट. तो मात्र झीटा न पाहता लावू नये. अमुरो आणि त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी शार यांच्यात मधल्या काळात काय झाले ते माहीत नसेल तर निम्मे संवाद डोक्यावरून जातात. ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ मोकळी आहे त्यांनी ‘वॉर इन द पॉकेट’ (१९८९) पाहावी. सहाच भाग, पण मूळ मालिकेतल्या युद्धाची झळ घरातल्या मुलापर्यंत कशी पोचते हे इतके नेमके दुसरीकडे कुठे नाही.

विंग, सीड, डबल-ओ, आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स, विच फ्रॉम मर्क्युरी या गंडमच्याच मालिका, पण ही सगळी वेगवेगळी जगे आहेत. मूळ मालिका न पाहता यांतली कुठलीही लावता येते. २०२५ मध्ये आलेली ‘जीक्वाक्स’ नवी आणि चकचकीत आहे म्हणून अनेक जण तिथून सुरुवात करतात आणि गोंधळतात. मूळ कथेत गंडम अमुरोच्या हाती लागतो. तो शारच्या हाती लागला असता तर काय झाले असते, यावर ती उभी आहे. मूळ कथा माहीत नसेल तर त्यातली गंमतच हातून निसटते.

नेरुळच्या पालकांनी आठ वर्षांच्या मुलाबद्दल विचारले आहे. थांबा, असे आम्ही म्हणू. पहिल्याच भागात अमुरोच्या शेजारणीचे घरचे लोक तिच्या डोळ्यांदेखत मरतात. दहा-अकराव्या वर्षी, शेजारी बसून दाखवावी. तोवर ‘गंडम बिल्ड फायटर्स’ (२०१३, २५ भाग) चालेल; त्यात मुले स्वतः जोडलेल्या मॉडेल्सच्या लढती खेळतात, जीव कुणाचा जात नाही.

कोपरखैरण्याच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे दोन प्रश्न आहेत. पहिला, रडार आणि क्षेपणास्त्रे असताना ही यंत्रे कुस्ती कशाला खेळतात? कथेतले उत्तर असे: मिनोव्स्की कण हवेत किंवा अवकाशात पसरले की रेडिओ आणि रडार आंधळे होतात, लांबून नेम धरता येत नाही. मग डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरावर जाऊन लढावे लागते, आणि तिथे हातपाय असलेले, झटकन वळणारे यंत्र कामाचे ठरते. हातपायांचा आणखी एक उपयोग सांगितला आहे तो खऱ्या भौतिकशास्त्राला धरून आहे. अवकाशात टेकायला काही नसते. हात एका दिशेला फिरवला की धड उलट्या दिशेला फिरते, म्हणजे इंधन न जाळता तोंड वळवता येते. फिरत्या खुर्चीवर पाय उचलून बसा आणि हातात एकेक पाण्याची बाटली घेऊन दोन्ही हात झपकन डावीकडे न्या; खुर्ची उजवीकडे सरकते. मात्र अशाने फक्त तोंड वळते. जागा बदलायची तर इंधन जाळावेच लागते. मालिका हा फरक दर वेळी पाळतेच असे नाही.

दुसरा प्रश्न, असा रोबो खरा बनवला तर वाशीत उभा राहील का? मूळ गंडमची उंची १८ मीटर, म्हणजे सहा मजली इमारत. वजन रिकामे ४३.४ टन, सगळे साहित्य भरून ६० टन. आता हिशेब करा. १.८ मीटरचा, ७० किलोचा माणूस दसपट उंच केला तर आकारमान हजारपट होते, म्हणजे वजन ७० टन. धातूचे कवच घातलेला गंडम त्याहून हलका! म्हणजे तो पाण्यापेक्षा हलका झाला. सगळ्या फटी बंद करून ठाणे खाडीत सोडला तर तरंगेल. छापलेल्या आकड्यांत हाच सगळ्यात कच्चा दुवा आहे. पण ६० टन खरे मानले तरी चालताना तो सगळा भार एका पावलावर येतो. पाऊल ३ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरले तर चौरस मीटरला १३ टनांहून जास्त. माणूस एका पायावर उभा राहिला तर हाच आकडा साडेतीन टनांच्या आसपास निघतो. खाडीकाठच्या भरावाखालच्या मऊ चिकणमातीत इमारतींनाही पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, घालावे लागतात. हा गडी पहिल्याच पावलाला रुतेल.

योकोहामात १९ डिसेंबर २०२० ते ३१ मार्च २०२४ या काळात १८ मीटरचा हलणारा गंडम उभा होता. त्याचे वजन सुमारे २५ टनांपर्यंत खाली आणले होते, आणि तरीही तो स्वतःच्या पायांवर उभा नव्हता. कमरेला मागून भक्कम आधार होता. गुडघा वाकायचा, पाऊल पुढे यायचे, भार मात्र आधारावर. हात जास्त लांब आणि जड असल्याने नुसता हात उचलला तरी सांध्यावर किती ताण येतो, हे त्याच्या संथ हालचालींवरून कळायचे.

जाता जाता दोन छोटी उत्तरे. गंडमच्या पोटातून छोटे विमान का निघते? यंत्र गेले तरी चालक आणि लढाईतून शिकलेला संगणक वाचावा म्हणून. त्याच माहितीवर पुढे ‘जिम’ ही स्वस्त यंत्रे घाऊक बनतात, म्हणून शत्रूला गंडम नष्ट करायचा असतो. अर्थात, सुटे होऊन जोडता येणारे खेळणे दुकानात खपते, हेही कारण आहेच. आणि शारचा लाल झाकू (झाकू म्हणजे शत्रूचे लढाऊ यंत्र) तिप्पट वेगवान का? रंगाचा काही संबंध नाही. मूळ माहितीनुसार त्याची ढकलशक्ती साध्या झाकूपेक्षा सुमारे ३० टक्केच जास्त आहे. उरलेले चालवणाऱ्याचे कसब.

आता मॉडेल्स. इथे प्रश्न जास्त आणि नुकसानही जास्त.

आधी मापाचा घोळ. १/१४४ म्हणजे मोठे नव्हे, छोटे: १८ मीटर भागिले १४४, साडेबारा सेंटिमीटर. १/१०० चे मॉडेल १८ सेंटिमीटर, १/६० चे ३०. एचजी (हाय ग्रेड) आणि आरजी (रिअल ग्रेड) हे दोन्ही दर्जे १/१४४ मध्ये येतात, एमजी (मास्टर ग्रेड) १/१०० मध्ये, पीजी (परफेक्ट ग्रेड) १/६० मध्ये. आकार सारखाच म्हणून पहिलेच मॉडेल आरजी घेऊ नका. त्यातले भाग नखाएवढे असतात, आतला सांगाडा साच्यातूनच जोडलेला येतो आणि सारखा हलवला की सांधे सैल पडतात. पहिले एंट्री ग्रेड, म्हणजे सगळ्यात सोप्या दर्जाचे, घ्या: भाग बोटांनी सुटतात, गोंद नको, स्टिकर नको. दुसरे एचजी.

एचजीला नीपर, म्हणजे भाग कापायची छोटी पक्कड, लागतो. भाग ज्या चौकटीत येतात तिला रनर म्हणतात आणि भागाला रनरशी जोडणाऱ्या बारीक दांडीला गेट. एका झटक्यात भागालगत कापू नका. पहिला काप भागापासून २-३ मिलिमीटर लांब, दुसरा जवळ, पण केसभर गेट उरेल असा. ती केसभर उंची ४०० च्या पॉलिशपेपरने बसवायची, मग ६००, मग ८०० किंवा १०००. एका झटक्यात कापले की प्लास्टिक ताणले जाते आणि पांढरा डाग उमटतो. लाल आणि गडद निळ्या प्लास्टिकवर तो फार उठून दिसतो, त्यामुळे शारचा झाकू हातात घेण्याआधी एखाद्या पांढऱ्या मॉडेलवर हात बसवा. फिकट डाग नखाने दाबून घासला तर बराच जातो.

मानपाड्याच्या वाचकाचे मॉडेल जुलैमध्ये मॅट टॉपकोट (शेवटी स्प्रेने मारायचा पारदर्शक थर) मारल्यावर पिठात लोळवल्यासारखे पांढरे झाले. स्प्रे खराब नव्हता. स्प्रेमधला सॉल्व्हंट भराभर उडतो तेव्हा भागाचा पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असेल तर त्यावर बाष्प धरते आणि ओल्या थरात अडकते. पावसाळ्यात ठाण्याची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर खोलीत ठेवा आणि ६० च्या खाली आल्याशिवाय डबा हातात घेऊ नका. इथे म्हणजे ढोबळ मानाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारची वेळ. मॉडेल पावसाळ्यात जोडा, घासा, भागांवरच्या खाचांच्या रेषा रंगाने भरा, टॉपकोट दिवाळीनंतर. एसी लावून, खिडक्या बंद करून खोलीतच मारण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. ती वाफ फुफ्फुसात जाते आणि ठिणगी पडली तर पेट घेते.

मारण्याआधी डबा दोन मिनिटे नीट हलवा, कारण मॅट करणारी पूड तळाशी बसते. न हलवता मारले तर आधी चकचकीत आणि शेवटी खडबडीत थर येतो. अंतर २०-२५ सेंटिमीटर. फवारा भागाच्या अलीकडे सुरू करून पलीकडे संपवायचा. पातळ दोन-तीन थर, मध्ये १०-१५ मिनिटे. डोळ्यांचे आणि तलवारीचे पारदर्शक भाग आधी काढून ठेवा, नाहीतर ते धुरकट होतात. एकदा पांढरे झालेले मॉडेल फेकू नका. कोरड्या दिवशी त्याच जातीचा ग्लॉस टॉपकोट पातळ मारला की वरचा थर विरघळतो आणि अडकलेले बाष्प निघून जाते. तो वाळल्यावर पुन्हा मॅट. थर जाड असेल तर मात्र उपाय चालत नाही, घासूनच काढावा लागतो.

ऐरोलीच्या वाचकांच्या मॉडेलचा घोटा ‘आपोआप’ तडकला. हेही आपोआप होत नाही. रेषांत भरायचा इनॅमल जातीचा काळा रंग, किंवा तो पुसायला वापरलेले लायटरचे इंधन, घट्ट बसलेल्या सांध्यात झिरपते. सांध्यातले प्लास्टिक, विशेषतः एबीएस जातीचे, आधीच ताणाखाली असते. सॉल्व्हंट लागले की त्या ताणाच्या रेषेवर तडा जातो, कधी कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून भाग सुटे असतानाच रेषा भरा, आधी ग्लॉसचा थर द्या, ओघळ लगेच टिपा आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नका. घोटा, कंबर आणि खांदा इथे साधा बारीक टोकाचा मार्कर पुरतो.

सांधा सैल झाला तर खुंटीवर सुपरग्लूचा अगदी पातळ थर देऊन पूर्ण वाळू द्या, मगच आत घाला. ओला असताना घातला तर सांधा कायमचा जाम. सांध्यात बसणाऱ्या मऊ राखाडी टोपीला, म्हणजे पॉलिकॅपला, ग्लू लावू नका, त्या प्लास्टिकला तो धरत नाही, रंगही धरत नाही. उलट खुंटी फार घट्ट असेल तर जोर लावण्याऐवजी तिचे टोक नीपरने तिरके कापा. बसते, आणि चुकीचा भाग बसवला असेल तर पुन्हा काढता येते.

मांडणीबद्दल एवढेच: पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका, उन्हाने पांढरे प्लास्टिक पिवळे पडते. घोडबंदर रस्त्यालगतच्या घरांत बांधकामाची धूळ इतकी असते की काचेचे कपाट हवेच. मॅट थरावर धूळ बसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, चिखल खाचांत जातो. मेकअपचा मऊ ब्रश वापरा.

नकली मॉडेल्सबद्दल तीन वाचकांनी विचारले आहे. रनरवर बंदाईचे नाव साच्यातच उमटलेले आहे का ते पाहा. नकली मॉडेलच्या भागांवर तेलाचा ओशटपणा असतो आणि खुंट्या भोकांशी जुळत नाहीत, त्या जोर लावल्यावर तुटतात. ते घेतलेच असेल तर भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण सुकवा, नाहीतर रंग धरणार नाही. आणि मॉडेल अस्सल असो की नकली, पहिला काप घेण्याआधी माहितीपत्रकावरच्या यादीप्रमाणे रनर मोजा. ए, बी, सी अशी अक्षरे रनरवरच असतात, ‘ए-१२’ म्हणजे ए रनरवरचा बारावा भाग. एखादा रनर कमी निघाला तर पिशव्या न फोडता दुकानदाराकडे न्या. फोडल्यावर बहुतेक जण बदलून देत नाहीत.

आपले,
गंडमप्रेमी वाचक, ठाणे व नवी मुंबई